सांवलीवरून उंची

ज्या वस्तूच्या शेंड्यापर्यंत आपला हात पोंचत नाहीं, जिला शिडी लावतां येत नाहीं कीं वरून दोरी सोडतां येत नाहीं, तिची उंची कशी मोजावी, हा प्रश्न फार जुना आहे. देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज, गिरणीचें धुराडें, परसांतला माड यांच्याकडे पाहून आपण सहज म्हणतों, "असेल चाळीस-पन्नास फूट." या "असेल" शब्दांत दहा-पांच फुटांची चूक बेमालूम दडून बसते. आडवें अंतर आपण रोज पावलांनीं चालतों, त्यामुळें त्याचा अंदाज आपणांस थोडाफार येतो. उभ्या अंतराची आपली ओळख घराच्या छतापाशींच संपते.

एरवीं ही चूक निरुपद्रवी असते. परंतु समजा, परसांतला एक जुना माड वाळला आहे आणि तो पाडावयाचा आहे. बुंध्यापासून घराची भिंत ३६ फुटांवर आहे. माड तीस फुटांचा असेल, तर तो कोणीकडेहि कलंडला तरी घराला धक्का नाहीं. तो चव्वेचाळीस फुटांचा असेल, तर मात्र त्याचा शेंडा थेट कौलांवर यावयाचा, आणि कौलांखालीं माणसें राहतात. पहिल्या प्रसंगीं बुंध्यावर कुऱ्हाड चालवितां येईल. दुसऱ्या प्रसंगीं दोर बांधून शेंड्याकडून तुकडे उतरविले पाहिजेत. वाळलेल्या झाडावर केवळ मोजमापासाठीं एखाद्या माणसाला चढविणें हें तर अगदींच अविचाराचें. अशा वेळीं उपयोगीं पडते ती त्या झाडाचीच सांवली.

रीत अशी आहे. उन्हाच्या वेळीं झाडाजवळ सपाट जमिनीवर एक सरळ काठी उभी करावी. ती ओळंब्यानें उभी आहे ना, हें पाहावें. जमिनीच्या वर ती किती फूट आहे तें मोजावें, आणि त्याच क्षणीं तिची सांवली व झाडाची सांवली अशा दोन्ही सांवल्यांच्या टोकांशीं खुणा कराव्या. मग सावकाश अंतरें मोजावीं. समजा, काठी ४ फूट आहे व तिची सांवली ३ फूट पडली आहे. म्हणजे या घटकेला सांवलीच्या दर ३ फुटांमागें उंचीचे ४ फूट आहेत. माडाची सांवली ३३ फूट भरली, तर ३३ मध्यें ३ अकरा वेळां जातात. म्हणून माडाची उंची अकरा चोक चव्वेचाळीस फूट. माड आपल्या छपरापर्यंत पोंचतो!

नभोवाणीवर फळा-खडू नाहीं, तेव्हां आकृति आपण मनांतच काढूं. काठी ही एक उभी रेषा, तिची सांवली ही जमिनीवरील आडवी रेषा, आणि काठीच्या टोकावरून सांवलीच्या टोकावर उतरणारा सूर्यकिरण ही तिरपी रेषा. झाला एक काटकोन त्रिकोण. माड, त्याची सांवली आणि त्याच्या शेंड्यावरून उतरणारा किरण यांचा दुसरा त्रिकोण. सूर्य आपल्यापासून सुमारे ९ कोटि ३० लक्ष मैल दूर असल्यामुळें एकाच परसांत उतरणारे त्याचे दोन किरण व्यवहारांत समांतरच मानावयाचे. किरण समांतर, म्हणून दोन्ही त्रिकोणांचे कोन सारखे. कोन सारखे, म्हणून एक त्रिकोण दुसऱ्याची केवळ मोठी प्रतिकृति. यांनाच समरूप त्रिकोण म्हणतात. आकार तोच, माप निराळें. नकाशावरील गांव आणि प्रत्यक्षांतील गांव यांचें नातें असतें तेंच हें नातें. काठी हा माडाचा नकाशा होय.

गणिताच्या भाषेंत हें साधें त्रैराशिक आहे. हरीनें जसें हें विश्व व्यापिलें आहे, तसें त्रैराशिकानें सर्व गणित व्यापिलें आहे, अशा आशयाचे उद्गार भास्कराचार्यांनीं आपल्या लीलावतींत काढले आहेत. त्यांत अतिशयोक्ति फार थोडी आहे. परंतु त्रैराशिक मांडणें सोपें असलें, तरी तें जेथें मांडावयाचें तेथें दोन समरूप त्रिकोण खरोखरच आहेत कीं नाहींत, हें त्रैराशिक स्वतः आपणांस सांगत नाहीं. तें आपलें आपणच पाहावें लागतें. आजच्या भाषणांत मला विशेषेंकरून हीच गोष्ट आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

प्रथम परसांतलींच कांहीं पथ्यें सांगतों. दोन्ही खुणा एकाच क्षणीं कराव्या असें मीं म्हटलें. काठीची खूण केली, मध्यें चहा घेतला आणि दहा मिनिटांनीं माडाची खूण केली, तर काय होईल? सकाळीं सूर्य वर चढत असतो आणि सांवली आखडत असते. आपल्या उदाहरणांतील माडाची सांवली तेवढ्या वेळांत दोन-अडीच फुटांनीं सहज कमी होते आणि उत्तर सुमारें तीन फुटांनीं चुकतें. दुसरें असें कीं, जमीन उतरती असेल तर सांवली लांबते, चढती असेल तर आखूड होते. काठी सपाटीवर आणि झाडाची सांवली उतारावर असें झालें, कीं त्रिकोणांचें साम्य मोडलेंच. तिसरें पथ्य सांवलीच्या कडेविषयीं. सूर्य हा बिंदु नसून आपल्या दृष्टीला अर्ध्या अंशाएवढी दिसणारी तबकडी आहे, म्हणून कोणत्याहि सांवलीची कड रेखीव नसते. काठीच्या सांवलीला अर्ध्या-पाऊण इंचाची अंधुक किनार असेल, तर आपल्या माडाच्या सांवलीच्या टोकाशीं ती अर्ध्या-पाऊण फुटाची भरेल. यावर उपाय इतकाच, कीं दोन्ही ठिकाणीं अंधुक पट्टीचा मध्य धरावा. काठीच्या वेळीं आंतली कड आणि झाडाच्या वेळीं बाहेरची, असें करूं नये.

आणखी एक पथ्य आहे, आणि तें सर्वांत महत्त्वाचें. सांवली मोजावयाची ती कोठून? आपण म्हणाल, बुंध्यापासून. माड सरळ असेल तर तें ठीक आहे. परंतु माड बहुधा वांकलेला असतो. त्याचा शेंडा जमिनीवरील ज्या ठिकाणाच्या बरोबर माथ्यावर आहे, त्या ठिकाणापासून सांवलीच्या टोकापर्यंतचें अंतर हीच आपल्या त्रिकोणाची आडवी बाजू होय. बुंध्यापासून मोजलें तर माड सांवलीच्या दिशेस झुकलेला असतां उत्तर फाजील येईल, आणि उलट दिशेस झुकलेला असतां कमी येईल. शिवाय वांकड्या झाडाच्या खोडाची लांबी त्याच्या उंचीपेक्षां थोडी अधिकच असते. पाडतांना तीहि जमेस धरली पाहिजे. वडासारख्या पसरट वृक्षाच्या बाबतींत तर सांवलीचें सर्वांत दूरचें टोक शेंड्याचें नसून एखाद्या बाजूच्या फांदीचें असण्याचाहि संभव असतो. त्रिकोण बरोबर, गुणाकार बरोबर, पण मोजली ती उंची भलत्याच बिंदूची!

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर आपणांस मिसर देशांत गेलें पाहिजे. इ. स. पूर्वींच्या सहाव्या शतकांत आशियामायनरच्या किनाऱ्यावरील मायलेटस नगरांत थेलीस नांवाचा ग्रीक तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्यानें मिसरांतील पिरॅमिडची उंची सांवलीवरून काढली, अशी कथा आहे. ती आपल्यापर्यंत पोंचविणारे लेखक त्याच्यानंतर कित्येक शतकांनीं झाले, आणि त्यांच्या सांगण्यांत फरकहि आहे. डायोजिनीस लेअर्शियसच्या सांगण्याप्रमाणें, मनुष्याची सांवली त्याच्या उंचीएवढी होते ती घटका साधून थेलीसनें पिरॅमिडची सांवली मोजली. प्लूटार्कच्या कथेंत त्यानें एक काठी उभी केली आणि दोन सांवल्यांच्या प्रमाणावरून उत्तर काढलें. पहिली रीत ही दुसरीचाच एक सोपा प्रकार होय.

कथा ऐकावयास सोपी आहे. करून पाहावयास गेलें म्हणजे खरी मौज कळते. गीझाचा मोठा पिरॅमिड मूळचा सुमारें ४८१ फूट उंच होता. माथ्याचे दगड गेल्यामुळें आज तो सुमारें ४५५ फूट उरला आहे. त्याच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारें ७५६ फूट आहे. शिखर पायाच्या मध्यावर आहे, म्हणजे कोणत्याहि बाजूच्या मध्यापासून ३७८ फूट आंत, दगडांच्या राशीच्या पोटांत. शिखराच्या बरोबर खालचा बिंदु कोणालाच गांठतां यावयाचा नाहीं. सूर्य बराच वर असला, तर शिखराची सांवली पिरॅमिडच्याच उतरणीवर पडून राहते आणि बाहेर जमिनीवर येतच नाहीं. मनुष्याएवढी सांवली व्हावी म्हणून सूर्य बरोबर ४५ अंशांवर हवा. आणि ती सांवली बाजूशीं काटकोनांत पडावी म्हणून तो बरोबर दक्षिणेस, म्हणजे मध्यान्हीं हवा, कारण या पिरॅमिडच्या बाजू मुख्य दिशांना जुळवूनच बांधलेल्या आहेत. गीझाच्या अक्षांशावर हा योग वर्षांतून दोनदांच येतो, एकदां नोव्हेंबरच्या आरंभीं आणि एकदां फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास.

अशा मध्यान्हीं मूळचा पिरॅमिड डोळ्यांपुढें आणा. उत्तरेच्या बाजूला पायाबाहेर सांवली दिसेल ती अवघी १०३ फूट. ज्यानें "मनुष्याची सांवली मनुष्याएवढी, म्हणून पिरॅमिडची सांवली पिरॅमिडएवढी" एवढेंच सूत्र पाठ केलें आहे, तो या राशीची उंची १०३ फूट सांगेल. ज्यानें आपल्या त्रिकोणाचा पाय कोठें आहे हें ओळखलें आहे, तो पायाच्या बाजूचें अर्ध मोजून त्या १०३ मध्यें ३७८ मिळवील आणि ४८१ असें बरोबर उत्तर देईल. पायाची बाजू चालून मोजतां येते, तिचें अर्ध करतां येतें. दगडांच्या पोटांत शिरावें लागत नाहीं. थेलीसनें खरोखरच हें केलें असेल, तर त्याचें चातुर्य सांवली मोजण्यांत नसून या अदृश्य ३७८ फुटांत आहे.

आतां सूर्य सोडून दिव्याकडे येऊं. दिव्याचे किरण समांतर नसतात; ते एका ज्योतींतून चोहोंकडे फांकतात. म्हणून दिव्याखालीं उभ्या केलेल्या दोन सारख्या काठ्यांच्या सांवल्या सारख्या नसतात. जी काठी दिव्यापासून दूर तिची सांवली लांब. या अडचणीचाच आपल्या गणित्यांनीं उपयोग करून घेतला. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनीं आर्यभटीयांत दिवा आणि शंकु यांचें गणित दिलें आहे. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्यें लिहिलेल्या लीलावतींत भास्कराचार्यांनीं छायाव्यवहार या प्रकरणांत तें उदाहरणांनीं खुलविलें आहे. शंकु म्हणजे मोजमापाची उभी खुंटी. तिची रूढ उंची बारा अंगुळें. चोवीस अंगुळांचा एक हात.

त्यांतलें एक उदाहरण ऐका. बारा अंगुळांच्या शंकूची दिव्यानें पडलेली सांवली ८ अंगुळें भरली. तोच शंकु त्याच रेषेंत २ हात मागें सरकविला, तेव्हां सांवली १२ अंगुळें झाली. तर दिवा किती उंच आहे? दिव्याच्या पायथ्यापर्यंतचें अंतर दिलेलें नाहीं, हें लक्षांत घ्या. दिवा कुंपणापलीकडे असूं शकेल, नदीपलीकडे असूं शकेल.

शंकु ४८ अंगुळें सरकला आणि सांवली ४ अंगुळें वाढली. म्हणजे सांवलीचें टोक एकंदर ५२ अंगुळें पुढें गेलें. सांवलीची वाढ ४, टोकाची चाल ५२, म्हणजे तेरापट. दिव्याच्या पायथ्यापासून सांवलीच्या टोकापर्यंतचें अंतर आणि सांवली यांचें प्रमाण शंकु कोठेंहि ठेवला तरी तेंच राहतें. दिवा शंकूच्या जितके पट उंच, तितके पट तें अंतर सांवलीच्या. म्हणून दिवा शंकूच्या तेरापट उंच : बारा तेरें छप्पन्नाशें, म्हणजे १५६ अंगुळें, अर्थात् साडेसहा हात. पायथ्याला न शिवतां उंची हातीं आली!

या विद्येचें महाराष्ट्राशीं जवळचें नातें आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून मठाची व्यवस्था केल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. तो शके ११२८ चा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला.

दिव्याची ही रीत इतकी सुंदर आहे, कीं तीच सूर्याला लावावी असा मोह कोणालाहि व्हावा. तसा तो चीन देशांत झाला. चौपी स्वान्-चिंग नांवाच्या सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या चिनी ग्रंथांत आठ 'चि' उंचीच्या शंकूनें सूर्याची उंची काढली आहे. पृथ्वी सपाट आहे, सूर्य हा तिच्यावर टांगलेला दिवा आहे, आणि दक्षिणोत्तर दर हजार 'ली' अंतरामागें सांवलींत एक चि-चा दहावा भाग फरक पडतो, असें त्यांत धरलें आहे. सांवली सहा चि असतां सूर्य ज्या ठिकाणाच्या माथ्यावर आहे तें ठिकाण साठ हजार ली दूर. आणि सहास आठ, म्हणून साठ हजारांस ऐशीं हजार. सूर्य ८०,००० ली उंच! मैलांत सांगावयाचें तर सुमारें वीस हजार. गणितांत चूक काढून दाखवा म्हटलें तर काढतां यावयाची नाहीं. लीलावतींतील दिव्याचें आणि हें गणित एकाच जातीचें आहे. तरीहि उत्तर खऱ्या अंतराच्या चार-साडेचार हजारांश भागाएवढेंच आलें. कारण जो त्रिकोण कागदावर होता, तो पृथ्वीवर नव्हता.

तशाच सांवल्या इ. स. पूर्वींच्या तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें एरॅटोस्थिनीसनें पाहिल्या. दक्षिणायन सुरू होण्याच्या दिवशीं मध्यान्हीं सायीनी येथें, म्हणजे आजच्या आस्वानला, शंकूची सांवली पडत नाहीं. त्याच वेळीं अलेक्झांड्रियाला ती पडते व सूर्य माथ्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा ढळलेला असतो. यानें उलट धरलें : किरण समांतर आहेत आणि पृथ्वी वाटोळी आहे. दोन शहरांमधील अंतर पांच हजार स्टेडिया. म्हणून पृथ्वीचा परीघ त्याच्या पन्नासपट, अडीच लक्ष स्टेडिया. एकाच प्रकारच्या सांवल्यांतून एकास सूर्याची खोटी उंची मिळाली आणि दुसऱ्यास पृथ्वीचें खरें मान जवळजवळ हातीं आलें.

श्रोतेहो, मग दोघांपैकीं खरा कोण, हें ठरवावयाचें कसें? केवळ दोन ठिकाणच्या सांवल्यांवरून तें ठरत नाहीं. दोन मापें दोन्ही कल्पनांशीं जुळतात. तिसरें, चौथें माप घ्यावें लागतें. चीनमध्येंच इ. स. ७२४ मध्यें यी-शिंग नांवाच्या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखालीं दक्षिणोत्तर अनेक ठिकाणीं सांवल्या मोजण्यांत आल्या, आणि 'हजार लीला एक दशांश' हा शतकानुशतकें प्रमाण मानलेला नियम खरा नाहीं असें आढळलें. अंतर सारखें असलें, तरी सांवलीचा फरक सर्वत्र सारखा पडत नव्हता. ग्रंथ जुना होता, गणित शुद्ध होतें. तरी काठीनें दिलेली साक्ष ग्राह्य धरली गेली.

परसांतल्या माडालाहि हाच न्याय लावावा. आपण ४४ फूट उंची काढली. ती खरी असेल तर दुसऱ्या वेळचें माप आधींच सांगतां आलें पाहिजे. ऊन कलल्यावर चार फुटांच्या काठीची सांवली पांच फूट झाली, कीं माडाची सांवली ५५ फूट भरलीच पाहिजे. ती ५५ च्या आसपास भरली, तर आपला त्रिकोण खरा. ती ६० किंवा ५० भरली, तर माड वांकलेला आहे, जमीन उतरती आहे, किंवा खुणा एका वेळीं झालेल्या नाहींत, यांपैकीं कांहींतरी घडलें आहे. माप घेण्यास सांवली उंचीएवढी किंवा तीहून थोडी लांब असेल ती वेळ चांगली. भर दुपार टाळावी. पुण्या-मुंबईकडे तर मेच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हींचा सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि सांवली पायांखालीं नाहींशी होते. त्या घटकेला ही रीत मुळींच चालत नाहीं.

मुलांना हा प्रयोग अवश्य करूं द्यावा. एक काठी, एक फीत आणि ऊन, एवढेंच साहित्य लागतें. मात्र त्यांनीं उत्तर आणलें म्हणजे गुणाकार तपासण्याआधीं त्यांना एवढेंच विचारावें, कीं सांवली कोठून कोठपर्यंत मोजली, आणि काठीची खूण केव्हां केली. या दोन प्रश्नांचीं उत्तरें नीट आलीं, आणि दोन वेळच्या मापांतून एकच उंची निघाली, तर झाड पाडणाऱ्या माणसाला ती निःशंकपणें सांगावी. न निघाली, तर कुऱ्हाड दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवावी. ऊन उद्यांहि पडणार आहे.